आधी अभंग, मग आख्यान: लांबलचक रिपोर्ट लिहिणाऱ्या मित्राला उत्तर

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी परत एकदा नीट वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तू २७ वर्षांचा, गोव्यात वेर्ण्याच्या एका फॅक्टरीत नेटवर्क आणि सर्व्हर बघतोस, टीम सात जणांची. तुझे मेल आणि रिपोर्ट लांब असतात म्हणून टीममधले तुला कीर्तनकार म्हणतात, तुझा मेल आला की ग्रुपवर कुणीतरी 'आयलें पुराण' टाकतं, आणि मागच्या आठवड्यात नेट बंद पडल्याचा चार पानी रिपोर्ट दिलास तर एकाने विचारलं, 'जत्रेचं नाटक आहे की काय, पहाटेपर्यंत संपेल ना?' सगळे हसले, तूही हसलास, पण घरी जाताना बसमध्ये तेच डोक्यात फिरत राहिलं. आता विचारतोयस की ही मजा आहे की टोमणा, आणि यापुढे छोटं लिहायचं का.

एकेरीत लिहितोय कारण तूच 'दादा, सांगा' असं म्हटलंयस. मी २४ वर्षं याच कामात आहे, त्यातली बरीच वर्षं पेडण्यापासून काणकोणपर्यंत शाखांचं नेटवर्क सांभाळण्यात गेली, आणि आता टीम बघतो, म्हणजे रोज दहा-बारा जणांनी लिहिलेलं वाचणं हेच माझं अर्धं काम आहे.

तुझ्या प्रश्नात एक वाक्य तू सहज लिहून पुढे गेलास, मला मात्र तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तू लिहिलंयस की रिपोर्ट पाठवल्यावर साहेबांनी फोन करून विचारलं, 'बरं, मग आता मी नक्की काय करू?' अरे, खरा प्रश्न हा आहे. चेष्टा, पानांची संख्या, हे सगळं नंतरचं. चार पानं वाचून ज्या माणसाने निर्णय घ्यायचा होता त्यालाच फोन करावा लागला, याचा अर्थ त्याला हवी असलेली गोष्ट त्याला सापडली नाही. पान एकच असतं आणि ती गोष्ट त्यात नसती तरी फोन आलाच असता.

बरंच काही परिस्थितीवर आहे हे आधीच सांगून टाकतो. तुझी फॅक्टरी औषधांची असेल आणि नेट बंद पडल्याने बॅच रेकॉर्डवर (औषधाच्या प्रत्येक खेपेच्या नोंदींवर) परिणाम झाला असेल तर डेव्हिएशनचा, म्हणजे नेहमीच्या पद्धतीत झालेल्या फरकाचा, ठरलेला फॉर्म असतो, क्यूएवाले (गुणवत्ता बघणारे) मूळ कारण विचारतात, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं ते विचारतात, तिथे लांबी तुझ्या हातात नसते आणि ती कमी करायच्या भानगडीत पडूही नको. तुमचे साहेब स्वतः नेटवर्कमधून वर आलेत की अकाउंट्समधून, यानेही फरक पडतो. आणि चेष्टा कोण करतंय, बरोबरीचा की वरचा, सगळ्यांची करतो की फक्त तुझीच, हे मला इथून दिसत नाही, ते तुलाच बघावं लागेल.

तरी चेष्टेचं आधी घेऊ कारण ते तुला जास्त लागलंय.

मजा आणि टोमणा ओळखायचा माझा एक साधा हिशेब आहे, चेष्टा झाल्यावर पुढे काय होतं ते बघायचं. 'आयलें पुराण' म्हणणारा माणूस दोन तासांनी तुझ्या टेबलापाशी येऊन 'अरे त्या स्विचचं तू काय लिहिलं होतंस रे' विचारतो का? विचारत असेल तर तो तुझं वाचतो, आणि अडचणीत तुझ्याच लिखाणाकडे वळतो. 'पहाटेपर्यंत संपेल ना' म्हणणाऱ्याने निदान चौथ्या पानापर्यंत स्क्रोल केलं होतं ना! टोमण्याचं उलट असतं, टोमणा मारणारा वाचतच नाही, आणि मीटिंगमध्ये तू तोंड उघडलंस की तीच गंमत वापरून तुला गप्प करतो. तू जे लिहिलंयस त्यावरून मला तरी तुमच्याकडचा प्रकार पहिला वाटतो. गोव्यात फकाणां (थट्टा-मस्करी) मारल्याशिवाय चहा उतरत नाही, आणि ज्याच्याशी जवळीक नाही त्याची कुणी फकाणां मारत नाही, हे तुला मी वेगळं सांगायला नको.

आपल्या क्षेत्रात तर हे फार जुनं आहे. इंटरनेट ज्या कागदांवर उभं आहे ते आरएफसी, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी कसं बोलायचं वगैरे ठरवणारे कागद, १९६९ पासून लिहिले जातायत, अत्यंत काटेकोर, रुक्ष, बऱ्याचदा लांबलचक. आणि त्याच लोकांनी १ एप्रिल १९९० ला आरएफसी ११४९ काढला, ज्यात कबुतराच्या पायाला कागदाची गुंडाळी बांधून डेटा पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) कसं पाठवायचं हे अगदी त्याच गंभीर भाषेत लिहिलंय. गंमत तिथेच थांबली नाही, २००१ साली नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या मंडळींनी खरंच कबुतरं उडवून पिंग करून बघितलं, म्हणजे पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघितलं, नऊ पॅकेट पाठवली, चार उत्तरं आली, एकेक उत्तर यायला जवळजवळ तासाभरापासून पावणेदोन तासांपर्यंत वेळ लागला. आपल्या लिहिण्याच्या पद्धतीची चेष्टा आपणच करायची, आणि तीसुद्धा पूर्ण निष्ठेने, ही या धंद्याची परंपरा आहे. ज्या लोकांचं त्या कागदांवर प्रेम होतं त्यांनीच ती चेष्टा केली.

आता चेष्टेला उत्तर कसं द्यायचं, तर आमच्या एका सिनियरचं सांगतो. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणायचो. भाईंचे मेल लांब, त्यात डायग्राम, त्यात मागच्या दोन वर्षांचा इतिहास. लोक म्हणायचे भाईंचा मेल म्हणजे श्रावणातली पोथी, एका दिवसात संपत नाही. भाईंनी काय करावं? त्यांनी मेलच्या विषयातच लिहायला सुरुवात केली, 'अर्धा कप', 'एक कप', 'दोन कप', म्हणजे हा मेल वाचून होईपर्यंत किती चहा लागेल ते. आठवड्याभरात अख्खं ऑफिस ते माप वापरायला लागलं. कॅन्टीनमध्ये 'आज दोन कपवाला आलाय, बसून वाच' असं ऐकू यायचं. चेष्टा चालूच राहिली, उलट वाढली, पण आता प्रत्येकाला मेल उघडायच्या आधी कळत होतं की हा उभ्या-उभ्या वाचायचा की संध्याकाळी निवांत. बऱ्याच वर्षांनी माझ्या लक्षात आलं की ऑक्टोबर १९९५ मधल्या आरएफसी १८५५ मध्ये, ज्यात इंटरनेटवर कसं वागावं-लिहावं याचे संकेत आहेत, नेमका हाच सल्ला आहे, मेल लांब असेल तर विषयातच 'लाँग' असं लिहा म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज येईल, आणि १०० ओळींच्या वर गेलं तर ते लांब समजा. भाईंनी तो वाचला होता की नाही देव जाणे, पण त्यांनी तो चहात उतरवला.

मला यातलं आवडतं ते हे की भाईंनी लांबी कमी केली नाही, लपवलीही नाही, वाचणाऱ्याला फक्त आधी सांगितलं. आणि चेष्टा करणाऱ्यांना स्वतःहून खेळायला एक चेंडू दिला. तूही दे. 'कीर्तनकार' म्हणतात ना? उत्तम नाव आहे, सोडू नको ते.

कारण कीर्तन कसं असतं ते आठव. आपल्या देवळांत लहानपणापासून ऐकलेलं असेल. बुवा उभे राहतात, नमन होतं, आणि मग पहिल्यांदा येतो मुख्य अभंग. आज कशावर बोलणार ते दोन-चार ओळींत समोर ठेवून मोकळे. मग निरूपण, मग मध्ये भजन, बुवांना बुक्का-हार, आणि त्यानंतर उत्तररंगात आख्यान, तेव्हा कुठे ती गोष्ट रंगवून सांगतात, आणि शेवटी फिरून त्याच अभंगावर येतात. पूर्वरंग ऐकून उठून गेलेल्या माणसालाही विषय कळलेला असतो, आणि रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्याला आख्यान मिळतं. तासन् तास चालणारं कीर्तन कुणाला लांब वाटत नाही त्याचं हे एक मोठं कारण आहे. तू मात्र थेट आख्यानाला सुरुवात करतोस आणि अभंग चौथ्या पानावर म्हणतोस.

तू रिपोर्टच्या सुरुवातीच्या ओळी दिल्यास त्याच घेऊ, इंग्लिशमधून मराठीत करून. 'मंगळवारी सकाळी ०९.१० वाजता असे निदर्शनास आले की पहिल्या मजल्यावरील काही युजर्सना नेटवर्कबाबत अडचणी येत आहेत. त्यानुसार प्रथम सदर युजर्सच्या मशीनची तपासणी करण्यात आली. त्यानंतर केबल बदलून पाहण्यात आली, तथापि अडचण कायम राहिली.' असं करत-करत तू स्विच (मजल्यावरच्या सगळ्या केबल जिथे जोडतात तो डबा) रीस्टार्ट केलास, लॉग बघितलेस, एकेक पोर्ट बंद करत गेलास, आणि तिसऱ्या पानाच्या खाली कळतं की कॉन्फरन्स रूमच्या टेबलाखाली लोंबणारं पॅच कॉर्डचं (नेटवर्कच्या छोट्या केबलचं) मोकळं टोक कुणीतरी आवराआवर म्हणून भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचलं होतं. दोन्ही सॉकेट एकाच स्विचवर, म्हणजे केबलचं वर्तुळ (लूप) झालं, आणि ते अडवणारं सेटिंग, लूप प्रोटेक्शन, बंद. आणि चौथ्या पानाची शेवटची ओळ, 'लूप प्रोटेक्शन चालू करण्याबाबत विचार व्हावा'.

साहेबांनी फोन का केला कळलं ना? त्यांना करायचं होतं ते एकच काम, परवानगी देणं, आणि ते सगळ्यात शेवटच्या ओळीत 'विचार व्हावा' अशा शब्दांत. कोणी विचार व्हावा, कधी व्हावा, त्याने काय थांबेल, काही नाही.

मी असतो तर वर एवढंच लिहिलं असतं:

'साहेब, पहिल्या मजल्यावरच्या स्विचला लूप प्रोटेक्शन चालू करायला तुमची परवानगी हवी आहे. शनिवारी दुपारी २ वाजता करतो, फार तर १० मिनिटं त्या मजल्याचं नेट बंद राहील, खर्च काही नाही. शुक्रवार संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवा.

मंगळवारी ९.१० ते ११.४५ नेट बंद होतं. कॉन्फरन्स रूममध्ये एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन सॉकेटमध्ये लागली होती. कॉर्ड काढल्यावर नेट आलं, पण हे सेटिंग बदललं नाही तर कुणीही परत टोक खोचलं की तसंच होईल.

कसं शोधलं आणि काय-काय तपासलं ते खाली आहे, टीमसाठी.'

आणि त्याखाली तुझी चार पानं जशीच्या तशी. एक ओळही काढू नको म्हणणार नाही मी, पण आधी हे वर ठेव, मग बघू काय काढायचं ते. वरच्या दहा ओळी साहेबांच्या, त्या फोनवर उभ्याने वाचता आल्या पाहिजेत. खालची पानं त्या माणसाची, जो सहा महिन्यांनी रात्रपाळीत एकटा असेल, असाच मजला बंद पडलेला असेल आणि तो जुने रिपोर्ट शोधत असेल. दोघांचीही गरज खरी आहे. आपण बहुतेक वेळा दोघांसाठी मिळून एकच गोष्ट लिहितो, आणि ती ज्या क्रमाने आपल्यावर गुदरली त्या क्रमाने लिहितो. शोधताना कारण शेवटी सापडतं हे खरंच आहे, पण म्हणून वाचणाऱ्यालाही ते शेवटीच सापडावं असं थोडंच आहे!

छोटं लिहिणं म्हणजे चांगलं लिहिणं, असं आता सगळीकडे ऐकायला मिळतं, त्याबद्दल मला थोडं तळमळीने सांगायचंय. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होती ते १६ जानेवारी २००३ ला उडालं. उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या आसपास बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा एक मोठा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असताना इंजिनियरांनी त्याचा अभ्यास करून नासाच्या लोकांना स्लाइड दाखवल्या. त्यातली एक स्लाइड पुढे चौकशी मंडळाने आपल्या अहवालात उदाहरण म्हणून छापली. तिचं शीर्षक धीर देणारं होतं, वाचणाऱ्याला वाटावं की चाचण्यांवरून सगळं सुरक्षित बाजूलाच आहे. मग बुलेट, बुलेटखाली छोटे बुलेट. आणि पार तळाला, सगळ्यात बारीक पातळीवर, ही गोष्ट होती की ज्या चाचण्यांवर हा धीर उभा आहे त्या ३ घन इंचाच्या तुकड्याच्या आहेत आणि यानावर आदळलेला तुकडा १९२० घन इंचाचा धरलाय. ६४० पट! १ फेब्रुवारी २००३ ला परत येताना यान फुटलं, सातही जण गेले.

ती स्लाइड लांब नव्हती, एक पान होती. मी असं म्हणत नाही की नीट लिहिलं असतं तर सगळे वाचलेच असते, त्या निर्णयांमागे आणखीही बरीच कारणं होती आणि अहवालात ती सविस्तर आहेत. पण ती ६४० पटीची गोष्ट शीर्षकात असती तर खोलीतल्या एकाने तरी हात वर केला असता असं मला आजही वाटतं. टीममध्ये नवीन कुणी आलं की मी त्याला हे सांगतोच, आणि सांगताना दर वेळी पोटात कालवतं. तेव्हा तुला कुणी नुसतं 'मटव्यान सांग रे', म्हणजे थोडक्यात सांग, असं म्हटलं तर घाबरून कापाकापी करू नको, त्या कापाकापीत नेमकं काय तळाला गेलं ते बघ.

मग लांबी येते कुठून? माझ्या बघण्यात सगळ्यात मोठं कारण भीती. तू लिहिलंयस की तुझी चौथीपर्यंत मराठी शाळा आणि मग पाचवीपासून इंग्लिश. माझंही तेच, गोव्यातल्या हजारो मुलांचं तेच. इंग्लिशमध्ये लिहायला बसलं की वाटतं आपण कमी लिहिलं तर समोरच्याला वाटेल याला येत नाही. म्हणून मग 'विथ रेफरन्स टू द अबव्ह मेन्शन्ड सब्जेक्ट' येतं, 'काइंडली डू द नीडफुल' येतं, 'सेम इज अंडर ऑब्झर्व्हेशन' येतं. या वाक्यांनी लिखाण ऑफिशियल दिसतं पण त्यात माहिती काहीच नसते, उलट 'डू द नीडफुल' म्हणताना जे नीडफुल आहे तेच सांगायचं राहून जातं. तुझ्या पहिल्या तीन वाक्यांत 'निदर्शनास आले', 'तपासणी करण्यात आली', 'पाहण्यात आली'. कोणी केली? तू केलीस. मग 'मी केबल बदलली' लिही ना, बिनधास्त लिही. मी नव्या मुलांना सांगतो की आधी मराठीत किंवा कोंकणीत शेजाऱ्याला तोंडी सांग काय झालं ते, जसं सांगशील तसंच इंग्लिशमध्ये उतरव. तोंडी सांगताना कुणी 'असे निदर्शनास आले' म्हणत नाही.

भीतीचाच दुसरा भाग म्हणजे स्वतःला वाचवणं. आपण किती खटपट केली ते दिसावं, उद्या कुणी विचारलं 'हे तपासलं होतंस का' तर हो म्हणता यावं. यात वाईट काही नाही, अडीच तास फॅक्टरीचा एक मजला बंद होता, विचारणार लोक. पण ती यादी खाली जाऊ दे.

आता काय कापायचं नाही ते सांगतो, इथे मी जरा हट्टी आहे. 'का' कधी कापायचं नाही. एका ठिकाणी दोन बिल्डिंग होत्या, मध्ये मोकळं अंगण, अंतर ७० मीटर. आधी त्यांच्यात तांब्याची नेटवर्क केबल होती. मे संपत आला, वळवाच्या विजा सुरू झाल्या की दर वर्षी दोन्हीकडच्या स्विचचे पोर्ट जळायचे. भाईंनी तिथे फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाकून घेतलं आणि कारण लिहून ठेवलं, दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो आणि तो धक्का तांब्याच्या केबलमधून थेट पोर्टवर येतो, काचेतून वीज वाहत नाही म्हणून फायबर. सव्वा पान होतं ते. नंतर कुणीतरी सगळी कागदपत्रं 'नीट' केली तेव्हा त्याचं एका ओळीत रूपांतर झालं, 'बिल्डिंग अ ते ब: फायबर'. पुढे एकदा अंगणात खोदकाम झालं, फायबर तुटलं, आणि नवीन आलेल्या मुलाने विचार केला की ७० मीटर म्हणजे तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते त्याच्या आतच की, फायबर जोडणारा माणूस बोलवा, दोन दिवस थांबा, कशाला, त्यापेक्षा कॅट-सिक्स (तांब्याची नेटवर्क केबल) ओढून टाकू. त्याचं काही चुकलं नव्हतं, त्या एका ओळीत त्याला अडवणारं काहीच नव्हतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत चार पोर्ट आणि एक अख्खा स्विच गेला.

म्हणून सांगतो, काय केलं हे एका ओळीत मावतं, पण का केलं याला जागा लागते, आणि ती जागा दिलीच पाहिजे. तुझ्या रिपोर्टमध्येही लूपने मजला का बंद पडतो, म्हणजे सगळ्यांना पाठवलेलं पॅकेट स्विचमधून निघून कॉर्डमधून परत त्याच स्विचमध्ये येतं, त्याला थांबायची काही मुदतच नसते, ते फिरत राहतं आणि दर फेरीला सगळ्या पोर्टवर जातं, हे जे तू अर्ध्या पानात लिहिलंयस ना, ते सुंदर आहे, खरंच. ते ठेव. एररचा मेसेज जसाच्या तसा, वेळा, कुठला पोर्ट, आणि जे करून बघितलं पण उपयोग झाला नाही तेही ठेव, कारण रात्रपाळीतला तो माणूस तेच परत करून बघण्यात तासभर घालवेल.

व्हॉट्सअॅपचं विचारलंयस, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही. ग्रुपवर दोन ओळी आणि रिपोर्ट कुठे ठेवलाय ते, बास. गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) वापरत असशील तर तिथे बदलाची नोंद लिहायची रीत बघ, पहिली ओळ ५० अक्षरांच्या आसपास, मग एक ओळ रिकामी, मग हवं तेवढं सविस्तर. तीच सवय मेलला लावली की निम्मं काम झालं.

शेवटी एक गोष्ट, जी तू विचारली नाहीस. पुढे चार-पाच वर्षांत तू सिनियर होशील आणि चेष्टा करणाऱ्यांच्या बाजूला बसशील. आमच्याकडे एक ट्रेनी मुलगी होती, फार नीट लिहायची, प्रत्येक तिकिटात (तक्रारीच्या नोंदीत) काय बघितलं, काय सापडलं, सगळं. तिलाही ग्रुपवर 'निबंध स्पर्धा' वगैरे सुरू झालं. भाईंची चेष्टा व्हायची तशीच, शब्दही तेवढेच सौम्य. पण भाई वीस वर्षं जुने, त्यांना माहीत होतं आपलं वजन काय आहे. ती तीन महिने जुनी. हळूहळू तिची तिकिटं 'डन', 'फिक्स्ड', 'चेक्ड ओके' एवढ्यावर आली, आणि सगळ्यांना वाटलं ती शिकली. मला ते कळलं जेव्हा एका सर्व्हरची डिस्क दुसऱ्यांदा भरली आणि पहिल्या वेळी तिने नक्की काय हटवलं होतं ते तिकिटात नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, 'सर, सगळं लिहिलं होतं, मग पाठवायच्या आधी पुसलं.' त्या दिवशी मी टीमसमोर स्पष्ट सांगितलं की तिकिटातल्या लिखाणावर फकाणां बंद, चहाच्या टेबलावर काय ती करा, आणि तिला सांगितलं की पुसायचं नाही, वर दोन ओळी लिहायच्या आणि बाकी तसंच ठेवायचं. ती परत लिहायला लागली, थोडा वेळ लागला.

तुझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही, तू चार पानं पाठवलीस आणि आजही विचारतोयस की कसं लिहू. शनिवार अजून गेलेला नाही, तेव्हा तोच रिपोर्ट वरच्या दहा ओळी घालून साहेबांना परत पाठव, विषयात 'एक कप' लिही हवं तर, बघ टीम काय म्हणते. पाठवायच्या आधी त्या दहा ओळी इथे टाकायच्या असतील तर आयपी (मशीनचे नेटवर्कवरचे पत्ते) आणि नावं काढून टाक, मी रात्री नऊनंतर बघतो.